न केलेल्याचे फळ

आमच्या दोघींच्या पुढ्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन पाट्या ठेवलेल्या असत. माझ्या पाटीवर ‘सामान्य व्यक्ती’ असे लिहिलेले होते आणि मथुताईंच्या पाटीवर ‘धर्मवेत्ती’. माणसांवर करायच्या संशोधनाला परवानगी देताना रुग्णालयाच्या नीतिसमितीत एक धर्म जाणणारे आणि एक काहीच न जाणणारे माणूस बसलेले असावे, असा दंडक आहे. मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवत होते. त्यामुळे दुसऱ्या जागेसाठी माझ्या पात्रतेबद्दल कुणाला शंका आली नसावी. पहिल्या बैठकीला मी संकोचून पाटी जराशी तिरपी केली, तेव्हा शेजारून बडीशेपेचा वास आला आणि त्यापाठोपाठ एक कोरडा आवाज.

"राहू द्या सरळ. या टेबलावर तेवढी एकच पाटी खरी आहे."

मथुताईंची आठवण मला आधी अशी नाकाने आणि कानाने येते. बडीशेप, सुती साडीच्या खळीचा किंचित आंबूस वास, आणि पितळेच्या भांड्यावर चमचा आपटावा तसा, नाद न रेंगाळणारा आवाज. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. नवरा गेला तरी कपाळावरची बारीक टिकली त्यांनी काढली नव्हती, आणि त्याबद्दल विचारायची हिंमत पेठेतही कुणाची झाली नव्हती. ऐकताना त्या चष्मा काढून ठेवीत आणि बोलताना लावीत. मी एकदा कारण विचारले.

"ऐकायला चष्मा कशाला? बोलताना मात्र समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. जीभ ताब्यात राहते."

त्यांची जीभ ताब्यात राहिल्याचे मी फारसे पाहिले नाही. एका बैठकीत एक तरुण संशोधक आला होता. दुर्धर आजार असलेल्या मुलांच्या रक्ताचे नमुने घेऊन त्यांच्या जनुकांचा अभ्यास करायचा होता. अभ्यास संपल्यावर नमुने नष्ट करण्यात येतील, असे त्याने वाचून दाखवले. मथुताईंनी चष्मा लावला.

"नष्ट म्हणजे कसे?"

"मॅडम, पिवळ्या पिशवीत जातात. मग जाळतात. तशी पद्धतच आहे."

"अभ्यास संपेपर्यंत यांतली काही मुलं गेलेली असतील?"

त्याने कागद खाली ठेवला. "असतील, मॅडम."

"मग त्यांच्या आयांना विचारा, ते रक्त परत हवंय का. एखादी म्हणेल, नदीत सोडते."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. "मथुताई, हे जरा भावनिक होतंय."

"भावनिक? मला वाटलं, आपण कचऱ्याबद्दल बोलतोय."

आयांना विचारण्याचे तेवढे एक वाक्य मसुद्यात आले. पुढे कुणी रक्त परत मागितले का, हे मला कळले नाही.

त्याच रुग्णालयात तळमजल्यावर जनुकीय आजारांचा विभाग होता. डॉ. रेगे तो चालवीत. सभ्य, थकलेला, सतत हात धुणारा माणूस. मुलाचा आजार आईबापांना समजावून सांगणे हे त्यांचे रोजचे काम; आणि सगळे समजावून झाल्यावर बहुतेक प्रत्येक आई तोच प्रश्न विचारी, "पण आमचं काय चुकलं?" डॉक्टर सांगत, काहीही चुकलेले नाही, हा निव्वळ योगायोग आहे. बाई मान डोलावी आणि दारातून परत फिरून तेच विचारी.

"त्यांचं समाधानच होत नाही," कँटीनमध्ये चहा घेताना डॉक्टर एकदा म्हणाले.

"कसं होईल?" मथुताई म्हणाल्या. "योगायोग म्हणजे काय, डॉक्टर? तुमचा देवच की तो. दिसत नाही, ऐकत नाही, आणि सगळं त्याच्या मर्जीनं."

"फरक इतकाच, की माझ्या देवाला नैवेद्य लागत नाही."

"म्हणून तर बायका तुमच्याकडून रिकाम्या हातानं परत जातात. नैवेद्य देवासाठी नसतो हो. हातांसाठी असतो. हातांना काहीतरी लागतं."

डॉक्टर हसले, पण त्या दिवसापासून परत फिरून विचारणाऱ्या बाया त्यांनी मथुताईंकडे पाठवायला सुरुवात केली. दर मंगळवारी मथुताई तळमजल्यावरच्या बाकावर बसू लागल्या. फिनेलच्या वासात, मागच्या भिंतीचा गारवा पाठीला घेत. मी जाता-येता थांबे. मला वाटले होते, त्या गीता सांगत असतील. त्या काहीच सांगत नसत. आधी विचारीत, "बाळ कशावर हसायचं?" मूल जिवंत असो वा नसो, प्रश्न हाच. बाई बोलू लागे. मथुताईंचा चष्मा मांडीवर असे. बोलणे संपून शेवटी तो दुसरा प्रश्न आलाच, तर त्या चष्मा लावीत.

"नळाला गढूळ पाणी आलं म्हणून कुणी नळाला झोडपत नाही, बाई. वर कुठे काय झालं असेल, ते वरच. तू नळ आहेस. नळानं काय करायचं होतं?"

मी एकदा म्हटले, की तुमचे शास्त्र तर असे म्हणत नाही. शास्त्र प्रत्येक दुःखाला मागच्या जन्मीचे कारण देते.

"देतं ना. मी तेच शिकवलं जन्मभर. म्हणून तर त्यातलं भोक कुठे आहे, ते मला ठाऊक."

ते भोक त्यांनी एकदा भर सभेत दाखवले, आणि तिथून त्यांचे दिवस फिरले. एका संस्थेने ‘ऋषी आणि जनुके’ असा कार्यक्रम ठेवला होता. सभागृह गच्च भरलेले. पुढच्या रांगेत अत्तराचा आणि नव्या उपरण्यांचा वास. आधीचा वक्ता तरुण होता, इंजिनिअर होता, आणि जनुकशास्त्र आपल्याकडे हजारो वर्षांपासून होते असे पडद्यावर चित्रे दाखवून सांगत होता. गोत्र म्हणजे दुसरे काय? टाळ्या पडल्या. मग मथुताई उठल्या.

"सगळं आपल्याकडे आधीपासून होतं, असं हे म्हणाले. होतं, तर लपवून का ठेवलं, ते सांगायचं राहिलं." थोडा हशा झाला. "गोत्र बापाकडून जातं. आजार आईकडूनही जातो. म्हणजे ऋषींना अर्धंच दिसत होतं, असं म्हणायचं. कुठलं अर्धं, ते मी सांगायला नको."

हशा थांबला. मग त्या त्यांच्या विषयाकडे वळल्या. आपल्या दर्शनांनी एक गोष्ट अशक्य मानली आहे, त्या म्हणाल्या. तिला नाव आहे ‘अकृताभ्यागम’. म्हणजे न केलेल्याचे फळ पदरात पडणे. असे घडले तर जगाला न्याय नाही असे होईल. म्हणून आपण मागचा जन्म मानला, की काहीतरी केलेच असेल. आता जनुकशास्त्र पुराव्यासकट दाखवते, की न केलेल्याचे फळ पदरात पडते. रोज पडते. तान्ह्या मुलाच्या पदरात पडते, ज्याला अजून पदरही नाही. "या पुराव्याला उत्तर देण्याची जबाबदारी आमची आहे. ऋषींना आधीच माहीत होतं, हे उत्तर नाही. ती पळवाट आहे."

मागून कुणीतरी विचारले, "म्हणजे कर्मसिद्धांत खोटा?"

"असं मी म्हटलं नाही. एखाद्या पाळण्यापाशी तो उभा राहू शकत नाही, एवढंच म्हटलं."

त्यानंतर व्याख्यानांची बोलावणी थांबली. ज्या पाठशाळेत त्या रविवारी फुकट शिकवीत, तिथून निरोप आला की सध्या मुलांच्या परीक्षा आहेत. त्या परीक्षा पुढे कधी संपल्याच नाहीत. रुग्णालयाने मात्र आपल्या चकचकीत माहितीपत्रकावर त्यांचा फोटो छापला, खाली ‘विज्ञान आणि अध्यात्माचा संगम’. मथुताईंनी ते माहितीपत्रक डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवले होते.

त्याच दिवसांत एका दुपारी त्यांनी मला आपली गोष्ट सांगितली. कॉफीत जायफळ उगाळता उगाळता, पाठमोऱ्या. मधूनच बोलणे थांबे आणि सहाणेवरची खरखर तेवढी ऐकू येई.

त्यांना दोन मुलगे झाले होते. दोघेही वर्षाच्या आत गेले, दोघेही तशाच तापाने. दुसऱ्याच्या वेळी सासूबाईंनी एका जाणत्या शास्त्र्यांना विचारले. त्यांनी पोथी काढून सांगितले, की हिने गेल्या जन्मी वासराला गाईपासून तोडले होते. मग चांदीची गाय आणि चांदीचे वासरू दान, आणि वर्षभर एकभुक्त. "मूल गेलं तरी दूध थांबत नाही, हे त्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. उपास, आणि वर हे. पदर भिजायचा आणि वाळून कडक व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, बघ, गाय शाप देतेय." त्यांनी कॉफी गाळली. "मी संस्कृत कशासाठी शिकले, माहीत आहे, कवयित्रीबाई? लोकांना वाटतं, ज्ञानाची ओढ. मला माझ्यावरचं आरोपपत्र वाचायचं होतं."

"आणि मिळालं?"

"मिळालं की. छंदात होतं. उत्तम छंद."

मी त्यांना विचारले, इतके होऊन रोज पूजा कशी करता? खिडकीशी त्यांचा छोटा देव्हारा होता. उदबत्तीची राख तिथे नेहमी ताजी असे.

"देव आहे हो. फक्त तो न्यायाधीश आहे, असं आता वाटत नाही. नातेवाईक असावा लांबचा. लग्नकार्याला येतो, अडीनडीला नाही."

त्यांचे जवळचे नातेवाईक म्हणजे धाकटी बहीण शालूताई आणि तिची एकुलती मुलगी केतकी. शालूताई विश्रांतवाडीला राहत, केतकी लग्नानंतर हडपसरला. तिथेच एका कंपनीत नोकरीला. केतकीचा मावशीवर फार जीव. आपल्या लग्नात तिने हट्ट धरला होता, की पहिली ओटी मावशीच भरणार. दोन मुले गमावलेली, आता विधवाही झालेली बाई. मांडवात कुजबुज झाली. केतकीने सरळ सांगितले, "मावशी नाही तर कुणीच नको." मथुताईंनी तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि नंतर मला म्हणाल्या, "इतका जड नारळ आयुष्यात उचलला नव्हता." हे सांगताना त्या हसत होत्या. त्यांना तसे हसताना मी फार वेळा पाहिले नाही.

केतकीला दिवस गेले. तपासणीत डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला, तेव्हा तिने मावशीच्या मुलांचे सांगितले, आणि तिला डॉ. रेग्यांकडे पाठवण्यात आले. डॉक्टरांनी तिला समजावले. काही आजार असे असतात, की आईकडून मुलीकडे मुकाट जातात आणि मुलाच्या अंगात बोलतात. केतकीत तो आहे का, हे शोधायचे तर नेमका कुठला बदल शोधायचा हे आधी कळायला हवे. आणि ते कळायला ज्या घरात मुलगे गेले, त्या आईचे रक्त हवे. केतकी थेट नारायण पेठेत आली.

मथुताईंनी दोन दिवस काही उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी बैठक संपल्यावर जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली. पण त्या या रिपोर्टची वाट बघत बसल्यात, असं वाटतंय."

"नका देऊ मग."

"पोरीच्या पोटात मूल आहे. मी काय सासूबाईंशी भांडत बसू?"

त्यांनी रक्त दिले. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्यांना बोलावले. त्यांचे गुडघे धरल्यामुळे मी सोबत गेले होते. रिपोर्ट सांगताना डॉक्टरांनी दोनदा हात धुतले. बदल सापडला होता. तो त्यांच्यातच होता. मुलांना तो आईकडूनच गेला होता. केतकीच्या रक्तातही तो निघाला, म्हणजे शालूताईंतही तो असणारच. शालूताईंना मुलगा झाला नाही म्हणून कधी कळले नाही, इतकेच. पण पोटातल्या बाळाची तपासणी चांगली आली होती. बाळाला आजार नव्हता.

"मथुताई, याला आम्ही वाहक म्हणतो," डॉक्टर हलकेच म्हणाले. "यात आपला कसलाही..."

"वाहक. म्हणजे आता तिकिटं फाडायला मोकळी." त्यांनी चष्मा पुसला. "बाळ चांगलं आहे ना? मग झालं."

बाहेर बाकापाशी आल्यावर त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. तो बाक, जिथे बसून त्यांनी कितीतरी जणींना नळाचा दृष्टान्त दिला होता. "दुसऱ्याला सांगायला किती सोपं असतं," एवढेच म्हणाल्या.

मला वाटले होते, बाळ सुखरूप आहे म्हटल्यावर शालूताई पेढे घेऊन येतील. त्या आल्या, हात मोकळे होते. मी तेव्हा मथुताईंकडेच होते. माझ्यादेखत बोलायचा त्यांना संकोच वाटला नाही.

"केतकीच्या सासूनं तिला विचारलं, हे लग्नाआधी का नाही सांगितलंत? आम्ही पत्रिका पाहिली, म्हणाली, आता ही पत्रिका कुठे दडवली होती? काय उत्तर देऊ मी?"

"की आपल्याला ठाऊक नव्हतं."

"तेच तर म्हणतेय, ताई. ठाऊक नव्हतं. तू गप्प बसली असतीस, तर आम्ही सगळ्या निरोगी होतो."

मथुताईंनी चष्मा काढून हातात धरला होता. "केतकीनं मागितलं रक्त."

"ती लहान आहे. तुला कळायला हवं होतं." शालूताई उठल्या. दारात चप्पल घालता घालता, पाठ फिरवूनच म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई बोलायच्या, ते काही अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं."

जिन्यावरून त्यांची पावले खालपर्यंत ऐकू आली. देव्हाऱ्यातली उदबत्ती संपत आली होती. मथुताईंनी उठून दुसरी लावली नाही.

तरीही केतकीच्या डोहाळजेवणाचे बोलावणे आले, आणि मथुताईंनी लक्ष्मी रस्त्यावर जाऊन हिरवा खण घेतला, बोटांनी पोत तपासून, तीन दुकाने फिरून. नारळ हलवून पाहून घेतला. हडपसरच्या त्या हॉलमध्ये मोगऱ्याचा वास इतका दाट होता, की श्वास गोड लागत होता. फुलांच्या झोपाळ्यावर केतकी हिरव्या साडीत बसली होती. बायका रांगेने ओटी भरत होत्या. मथुताई रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर जवळ आला, तशा शालूताई लगबगीने आल्या आणि त्यांच्या कोपराला हात लावून म्हणाल्या, "ताई, तुझे गुडघे दुखतात. तू आधी जेवून घे ना. पान वाढायला सांगते."

मथुताईंनी केतकीकडे पाहिले. केतकीनेही पाहिले. मग तिने आपल्या आईकडे पाहिले, पलीकडे उभ्या असलेल्या सासूकडे पाहिले, आणि मान खाली घालून ती हातातल्या बांगड्या एका बाजूला सारू लागली. चुड्याचा तेवढा आवाज झाला. लग्नात वैधव्य चालून गेले होते. हे चालले नाही.

"भूक नाही गं," मथुताई म्हणाल्या. खण परत घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला. "चला, कवयित्रीबाई. बस मिळेल."

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. पिशवी मांडीवर होती. तिकीट द्यायला वाहक आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

तो रविवार होता. मंगळवारी वर बैठक होती आणि खाली बाक होता. मी पोचले, तेव्हा मथुताई बाकावर होत्या. शेजारी अकोल्याकडून आलेली एक तरुण मुलगी आणि तिची सासू. मुलगी रिकाम्या हातांनी स्वतःच्याच बोटांशी चाळा करीत होती. तिचे मूल महिन्याभरापूर्वी गेले होते.

"बाळ कशावर हसायचं?"

"कुकरच्या शिट्टीले," मुलगी म्हणाली. "शिट्टी झाली का हसे."

मथुताई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून तो हिरवा खण काढला, नारळ काढला, कागदाच्या पुडीतले तांदूळ काढले. "पदर कर पुढे," म्हणाल्या. मुलीने गोंधळून पदर पसरला. तिच्या हातांना काहीतरी मिळणार होते.

"थांबा जी," सासू म्हणाली. आवाजात राग नव्हता, रिवाज होता. "तुम्हाले लेकरं किती?"

मथुताईंनी चष्मा काढला. "दोन. मुलगे."

"कुठी राह्यतात?"

मी त्यांना उभ्या आयुष्यात खोटे बोलताना ऐकले नव्हते. एक लहानसे खोटे त्या वेळी पुरले असते.

"गेले," मथुताई म्हणाल्या. "लहानपणीच."

त्या बाईने सुनेचा पसरलेला पदर हलक्या हाताने मिटला. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावे, इतक्या मायेने. "राग नका मानू, माय. हिले अजून लेकरू व्हाचं हाय."

"राग कसला? बरोबर आहे तुमचं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. आतून नाव पुकारले गेले. सासू-सून उठून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. बैठकीची वेळ झाली होती. मी म्हटले, येताय ना? त्यांनी हातानेच पुढे व्हायला सांगितले.

त्या त्या दिवशी वर आल्या नाहीत, आणि नंतरही नाहीत. उन्हाळा संपायच्या आत गेल्या; शालूताईंचा मला फोन आला तो सगळे उरकल्यावर. ‘धर्मवेत्ती’ची पाटी काढून तिथे ‘धर्मवेत्ते’ अशी नवी पाटी ठेवली आहे. तिच्यामागे त्या सभेतला तो इंजिनिअर वक्ता बसतो. तो प्रश्न विचारीत नाही. बैठका वेळेवर संपतात.

त्या मंगळवारी बैठकीला वर जाताना जिन्याच्या वळणावरून मी मागे वळून पाहिले होते. बाकावर मथुताई एकट्याच होत्या. बिनचष्म्याचा चेहरा समोरच्या भिंतीकडे. मांडीवर हिरवा खण पसरलेला, त्यावर नारळ, आणि पुडी सुटून तांदूळ सगळ्या पदरभर झालेले. जणू कुणीतरी त्यांचीच ओटी भरून गेले होते, आणि आता ऊठ म्हणून सांगायचे विसरले होते.